जुन्या रहस्यपटात पहिला संशय कुणावर जातो?

हल्ली ओटीटीवर जुना इंग्रजी सिनेमा लावला की कधीकधी आधी एक पाटी येते: यातली काही माणसं ज्या पद्धतीनं दाखवली आहेत ती पद्धत तेव्हाही चुकीची होती आणि आजही आहे. डिस्नेनं २०२० मध्ये आपल्या काही जुन्या चित्रपटांपुढं अशा अर्थाची पाटी लावली. त्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं जाहीर केलं, की सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत उतरायचं तर वैविध्याच्या काही अटी पाळाव्या लागतील. २०२४ च्या सोहळ्यापासून त्या लागू झाल्या. मधेच २०२३ मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांतून काही वर्णवाचक उल्लेख वगळल्याच्या बातम्या आल्या आणि रहस्यकथाप्रेमी खवळले.

आमच्या कोल्हापुरात असल्या बातमीवर कट्ट्यावरनं ठरलेला प्रश्न येतो: "खून कुणी केला तेवढं सांगा की राव, खुनी कुठल्या रंगाचा हे कशाला पाहिजे?" प्रश्न खवचट आहे, पण टाकाऊ नाही. रहस्यपटापुरतं बोलायचं तर वादाचं मूळ तिथंच आहे. खून कुणी केला हे शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. त्याआधीचे दोन तास आपण कुणावर संशय घेत बसतो, याला मात्र रंगाशी, जातीशी, भाषेशी, कपड्यांशी बराच संबंध असतो.

प्रतिनिधित्व: मराठी माणसाचा जुना राग

जुने हिंदी चित्रपट आठवा. गोष्ट मुंबईतली, नायक खन्ना नाहीतर वर्मा, आणि मराठी बोलणारं माणूस पडद्यावर आलं की ते एक तर हवालदार असणार, नाहीतर धुणीभांडी करणारी गंगूबाई. मुंबईत तेव्हा मराठी वकील होते, डॉक्टर होते, संपादक होते, गिरणी कामगार होते आणि नामांकित चोरही होते. पडद्यावर पोचले ते दोघंच. याचा मराठी प्रेक्षकाला राग येतो, आणि तो रास्त आहे. 'आम्ही एवढेच का?' या प्रश्नाचं अभ्यासकांनी ठेवलेलं नाव म्हणजे प्रतिनिधित्व. एखाद्या समाजाची माणसं पडद्यावर दिसतात का, दिसली तर कुठल्या कामात दिसतात, आणि गोष्ट त्यांच्या डोळ्यांनी सांगितली जाते की त्यांच्याकडं लांबून नुसतं बघितलं जातं, एवढं सगळं त्यात आलं. तोच तो नमुना पुन्हा पुन्हा वापरला की त्याला साचा म्हणायचं.

कोल्हापूरकराच्या वाट्याला आणखी एक साचा आलाय. मोठ्यानं बोलणारा, मिशीला पीळ देणारा, तांबडा रस्सा ओरपणारा आणि डोक्यानं जरा बेताचा. थरारपटात तर तो खलनायकाच्या मागं हाताची घडी घालून उभा असलेला पैलवान होतो आणि नायकाच्या एका ठोशात आडवा पडतो. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, त्या गावातल्या तालमीतल्या पोरांना हा ठोसा कधीच पटलेला नाही.

रहस्यपट चालतो तो संशयावर

आता हा प्रश्न रहस्यपटात जास्त टोचतो तो का, ते बघू. कार्यालयात लग्न आहे आणि नवरीच्या मावशीची अंगठी हरवली. सगळ्यात आधी कुणाला विचारतात? भांडी घासायला आलेल्या बाईला. कुणी तिच्यावर आरोप करत नाही, फक्त "तू बघितलीस का गं?" एवढंच विचारतात, पण ते तिलाच विचारतात. नवरदेवाच्या काकांना कोणी विचारत नाही. पुढं अंगठी मावशीच्याच पर्समध्ये सापडते आणि विषय मिटतो.

रहस्यपट लिहिणाऱ्याला ही मनाची खोड पक्की ठाऊक असते. त्याला खरा गुन्हेगार शेवटपर्यंत लपवायचा असतो, म्हणून तो आपल्यापुढं दुसरं कुणीतरी टाकतो आणि आपण त्याच्या मागं धावतो. कुस्तीत डाव्या बाजूला झुकल्यासारखं करून उजवीकडनं डाव टाकतात, तिला हूल म्हणतात. रहस्यपटातला खोटा संशयित ही तशीच हूल. हूल लागू पडायची तर त्या माणसावर आपला आधीपासूनच थोडा अविश्वास असावा लागतो. म्हणून लेखक उचलतो ती माणसं ठरलेली: नोकर, परका, वेगळ्या धर्माचा, लंगडणारा, चेहऱ्यावर व्रण असलेला, न कळणारी भाषा बोलणारा. प्रेमकथेत साचा वापरला तर गोष्ट पुचाट होते, एवढंच. रहस्यपटात साचा हे कथेचं इंधनच आहे.

म्हणून या प्रकारच्या सिनेमात पडद्यावरची डोकी मोजून फारसं काही हाती लागत नाही. मी स्वतः तीन गोष्टी बघतो. प्रश्न विचारायचा अधिकार कुणाकडं आहे? पहिला संशय कुणावर जातो? आणि कुणाचा शब्द पुराव्याशिवाय खरा धरला जातो? पुढची सगळी चर्चा या तीन प्रश्नांच्या आधारानं करू.

चार्ली चॅन: गुप्तहेर चिनी, नट स्वीडिश

सगळ्यात गुंतागुंतीचं उदाहरण आधी घेतो. होनोलुलूच्या पोलीस दलात चँग अपाना नावाचा चिनी वंशाचा खराखुरा डिटेक्टिव्ह होता. हातात चाबूक घेऊन गुन्हेगार पकडण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याच्यावरून सुचलेला चार्ली चॅन हा गुप्तहेर अर्ल डेर बिगर्स या अमेरिकन लेखकानं १९२५ मध्ये कादंबरीत आणला. लवकरच त्याच्यावर मूकपट निघाले. १९२६ आणि १९२७ च्या चित्रपटांत चॅनचं काम जपानी नटांनी केलं, १९२९ मध्ये एका कोरियन नटानं. पण त्या चित्रपटांत चॅन कडेकडेनं वावरणारं पात्र होतं. १९३१ मध्ये तो नायक झाला, पोस्टरवर मोठा झाला, आणि त्याच क्षणी हे काम वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या नटाकडं गेलं. ओलंडनं हे पात्र १६ चित्रपटांत रंगवलं. त्याच्यानंतर सिडनी टोलर आला, मग रोलँड विंटर्स. दोघंही गोरेच. म्हणजे दुय्यम भूमिका आशियाई नटाला चालते, मुख्य झाली की नाही. पदार्थ घरचा, पंगतीला बसणार मात्र पाहुणा.

गंमत अशी, की कथेत चॅन कधी हरत नाही. गोरे पोलीस अधिकारी बावळटासारखे भलत्यालाच पकडतात आणि हा शांतपणे खरा गुन्हेगार काढून देतो. प्रश्न विचारायचा अधिकार त्याच्याकडं आहे, त्याचा शब्द मानला जातो. त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर चिनी माणूस म्हणजे अफूचा अड्डा चालवणारा कपटी खलनायक, असा खाक्या होता. ओलंडनंच असा एक खलनायक आधी रंगवला होता. त्या मानानं चॅन म्हणजे मोठीच बढती. शांघायमध्ये तर चिनी निर्मात्यांनी आपले स्वतःचे चार्ली चॅन चित्रपट काढले, चिनी नट घेऊन. तरीही चॅन मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो, सारखी सुभाषितं सांगतो, कुणावर आवाज चढवत नाही. हुशार आहे, पण कुणाला अडचण होणार नाही इतपतच. आशियाई वंशाच्या अमेरिकन प्रेक्षकांना नेमकं हेच खुपतं.

त्याच मालिकेत चॅनच्या थोरल्या मुलाचं काम कँटनमध्ये जन्मलेल्या की ल्यूक या नटानं केलं. टाय लावणारा, झकास इंग्रजी बोलणारा, बापाच्या पुढं पुढं करणारा पोरगा. १९४० मध्ये 'फँटम ऑफ चायनाटाउन' या चित्रपटात ल्यूकला एकदाचा गुप्तहेर नायक करायला मिळाला. त्या मालिकेतल्या आधीच्या पाच चित्रपटांत तोच चिनी गुप्तहेर बोरिस कार्लोफ या गोऱ्या ब्रिटिश नटानं केला होता, आणि ल्यूकच्या चित्रपटानंतर मालिका थांबली. पुढं १९७२ मध्ये चॅनवर व्यंगचित्रांची टीव्ही मालिका निघाली, तेव्हा चॅनचा आवाज ल्यूकचा होता. चेहरा दिसणार नव्हता तेव्हा त्याला चॅन व्हायला मिळालं!

१९४० च्या दशकातल्या चॅनपटांत आणखी एक पात्र येतं, बर्मिंगहॅम ब्राउन नावाचा काळा ड्रायव्हर. मँटन मोरलंड हा विनोदाचं अचूक टायमिंग असलेला नट ते करायचा. काम काय, तर भुताच्या नुसत्या नावानं डोळे मोठे करून पळत सुटायचं. म्हणजे एका साच्यातून अर्धा बाहेर आलेला गुप्तहेर आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या साच्यात पुरता अडकलेला नोकर, एकाच गाडीत.

कायद्यासारखा एक नियमही होता

हे निव्वळ निर्मात्यांच्या लहरीवर चालत नव्हतं. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९३० मध्ये आपल्यासाठी एक आचारसंहिता केली. हेज कोड या नावानं ती ओळखली जाते. १९३४ पासून ती कडकपणे राबवली गेली आणि १९६८ पर्यंत टिकली. गुन्हेगाराबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटता कामा नये, समलैंगिकता दाखवायची नाही, गोऱ्या आणि काळ्या माणसांतला प्रणय तर नाहीच नाही, असली कलमं तिच्यात होती. या वातावरणात आना मे वाँग या चिनी वंशाच्या अमेरिकन नटीला गोऱ्या नायकाची नायिका होणं जवळजवळ अशक्य होतं. मग उरलं काय? खलनायिका, गुलाम मुलगी, नाहीतर शेवटी मरणारी. पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खलनायकच का असतो, असं तिनं १९३३ मधल्या एका मुलाखतीत सरळ विचारलं होतं.

जे दाखवायचं नाही ते खुणेनं सुचवलं जाई. समलैंगिक पात्र असेल तर अत्तर लावलेला रुमाल, नाजूक हातवारे, जरा जास्तच नीटनेटके कपडे. जाणत्यानं जाणावं. अडचण एवढीच, की या खुणा जवळजवळ नेहमी गुन्हेगाराच्या अंगावर असत, आणि प्रेक्षकाच्या डोक्यात पुढं खुणाच शिल्लक राहतात.

टिब्स: आधी संशयित, मग तपास अधिकारी

१९६७ चा 'इन द हीट ऑफ द नाइट' बघितला नसेल तर जरूर बघा. आमचे तीनही प्रश्न या एका चित्रपटात सापडतात. मिसिसिपी राज्यातलं छोटं गाव, रात्रीची वेळ. कारखाना काढायला आलेल्या धनिकाचं प्रेत रस्त्यावर सापडतं. गस्तीवरचा पोलीस रेल्वे स्टेशनवर जातो, तिथं एक काळा माणूस गाडीची वाट बघत बसलेला दिसतो. अनोळखी आहे, काळा आहे, पाकिटात पैसे आहेत. झालं, बेड्या! चौकीत नेल्यावर कळतं, की हा फिलाडेल्फियाचा खुनाच्या तपासातला तज्ज्ञ पोलीस अधिकारी आहे, व्हर्जिल टिब्स. सिडनी पॉइटियेनं हे काम केलंय.

रहस्यपटाची नेहमीची हूल इथं पहिल्या काही मिनिटांतच उघडी पाडली आहे. प्रेक्षकाला कळून चुकतं, की संशय पुराव्याच्या आधी येतो. मग तोच संशयित तपास हातात घेतो आणि गोऱ्या लोकांना प्रश्न विचारू लागतो. कापसाच्या मळ्याचा मालक एंडिकॉट हे सहन न होऊन टिब्सच्या थोबाडीत मारतो. त्याच क्षणी टिब्स उलट त्याच्या थोबाडीत ठेवून देतो. १९६७ च्या अमेरिकेत काळ्या नायकानं गोऱ्या जमीनदाराला मारलेली ती चापट थिएटरात केवढी घुमली असेल, याची कल्पना करा. खुद्द पॉइटियेनं चित्रीकरणासाठी मिसिसिपीत जायला नकार दिला होता, कारण जिवाला धोका होता. बहुतेक चित्रीकरण इलिनॉय राज्यात झालं.

मला मात्र थोबाडीत मारण्यापेक्षा त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. टिब्सला आता एंडिकॉटच खुनी असायला हवा आहे. पुरावा नाही, तरी तो मागं लागतो. तेव्हा गोरा पोलीसप्रमुख त्याला म्हणतो, की तूही शेवटी आमच्यासारखाच निघालास. खुनी एंडिकॉट नसतोच. रात्रीच्या खाणावळीत काउंटरवर काम करणारा, कुणाच्या नजरेत न भरणारा एक गोरा तरुण असतो. संशयाची खोड पीडिताच्याही अंगात शिरते, हे या चित्रपटानं सांगितलं आणि तेही भाषण न ठोकता. याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पोलीसप्रमुख झालेल्या रॉड स्टायगरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं. पॉइटियेला नामांकनसुद्धा नाही. यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

आणि आपल्याकडं?

आपले जुने रहस्यपट बघताना आधी पडद्यामागं डोकवा. १९५६ चा 'सीआयडी' घ्या. निर्माता गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला, संगीत ओ. पी. नय्यर, गाणी मजरूह सुलतानपुरी, कॅमेरा म्हैसूरकडचे व्ही. के. मूर्ती, आवाज रफी, गीता दत्त, शमशाद बेगम आणि आपल्या आशाताई. वहिदा रहमानचा हा पहिला हिंदी चित्रपट. देशाच्या कानाकोपऱ्यातली, सगळ्या धर्मांची माणसं. आणि पडद्यावरचा नायक? इन्स्पेक्टर शेखर. आडनाव नाही, गाव नाही, जात नाही. पुढं 'ज्युएल थीफ'चा विनय तसाच. कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा, असं याचं समर्थन होऊ शकतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण सुशिक्षित शहरी सवर्ण हिंदू हाच 'साधा माणूस' आणि बाकीच्यांना तेवढी ओळखीची खूण, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो. डिसूझाच्या गळ्यात क्रॉस आणि हातात बाटली लागते, खानाला पठाणी लागते. शेखरला काहीच लागत नाही.

१९६५ चा 'गुमनाम' हे तर एक भांडारच आहे. अगाथा ख्रिस्तीच्या ज्या कादंबरीवरून तो बेतला, तिचं १९३९ चं मूळ इंग्रजी शीर्षकच काळ्या लोकांना दिल्या जाणाऱ्या शिवीनं बनलेलं होतं. अमेरिकेत ते १९४० मध्येच बदललं, ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चाललं. आपल्या 'गुमनाम'मध्ये एकाकी हवेलीतला खानसामा आहे मेहमूद. लुंगी, हैदराबादी बोली, आणि 'हम काले हैं तो क्या हुआ' हे गाणं. तो हूल आहे आणि विनोदही आहे. गाणं वर्णभेदाला टोला हाणतं असं म्हणावं, तर ते हसवण्यासाठी आहे, आणि हसायचं कशाला, तर काळा नोकर गोऱ्या हेलनची स्वप्नं बघतो याला. मला ते गाणं आजही आवडतं. आवडतं म्हणून त्यात काय चाललंय ते दिसायचं थांबत नाही.

हेलनचं तर वेगळंच. ब्रह्मदेशातून युद्धाच्या धुमश्चक्रीत पायी चालत आसामात आलेली ही मुलगी. पडद्यावर ती कधी चिनी, कधी स्पॅनिश, कधी रूबी, कधी किटी झाली. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये ती 'मेरा नाम चिन चिन चू' म्हणत नाचते आणि त्याच चित्रपटात मदन पुरी जॉन चँग नावाचा चिनी खलनायक रंगवतो. कोलकात्यात तेव्हा खरीखुरी चिनी वस्ती होती. सुतार, चांभार, दंतवैद्य, हॉटेलवाले अशी कष्टाळू माणसं तिथं राहत. पडद्यावर त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. चार वर्षांनी, १९६२ च्या युद्धाच्या वेळी, चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीय रहिवाशांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. हे सिनेमामुळं झालं असं म्हणणं खुळेपणाचं ठरेल, ते युद्धामुळं झालं. पण शेजारी म्हणून ज्यांना कुणी पडद्यावरही बघितलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी बोलायला फार कुणी उभं राहिलं नाही, एवढं खरं.

एक उदाहरण आपल्या मातीतलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढं आपल्याकडच्या फासेपारध्यांसारख्या जमातीही त्या यादीत गेल्या. गुन्हा घडो न घडो, पोलीसपाटलाकडं हजेरी लावायची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली, पारध्यांना कामं दिली, आपल्या पहाऱ्यावरही ठेवलं. ज्याच्यावर पहिला संशय जायचा त्याच्याच हाती राखण! देशभरातला तो कायदा मात्र १९५२ मध्ये रद्द झाला. हिंदी थरारपटात डोंगरातला कबिला, तिथला नाच, खांबाला बांधलेला नायक हे त्यानंतरही खुशाल चालू राहिलं.

शरीरातल्या व्यंगाचंही तेच. भगवानदादांबरोबरच्या एका दृश्यात बसलेल्या थपडेनं ललिता पवारांचा डावा डोळा अधू झाला. त्यानंतर नायिकेच्या भूमिका संपल्या आणि आयुष्यभर दुष्ट सासू नाहीतर 'कोहरा'मधली भीतिदायक दाई वाट्याला आली. बाईंनी त्याचं सोनं केलं, हा त्यांचा मोठेपणा.

बाई: तपास करणारी की तपासली जाणारी?

राजा परांजप्यांचा १९६४ चा 'पाठलाग' कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या प्रेक्षकांना अजून आठवतो. काशिनाथ घाणेकर आणि भावना. त्याच्यावरून राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' काढला. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वारते. पुढं पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात आणि ती म्हणते, मीच तुमची बायको. भर कोर्टात नवराच तिची उलटतपासणी घेतो. ती घरातल्या, अगदी दोघांतल्या खासगी गोष्टी सांगते. तरीही तिचा शब्द कुणी मानत नाही. शेवट सांगतोय, साठ वर्षं झाली, आता रागावू नका: ती खरंच बोलत असते. मेलेली असते ती तिची जुळी बहीण.

आमचा तिसरा प्रश्न इथं अख्ख्या चित्रपटाचा विषय झालाय. बाईनं आपण कोण आहोत हे सिद्ध करायचं, आणि पुरावा पुरेसा आहे की नाही ते पुरुषांनी ठरवायचं. त्या काळच्या बहुतेक रहस्यपटांत बाई हेच रहस्य असते, ती रहस्य सोडवत नाही.

अपवाद आहेत, आणि अपवाद बहारदार आहेत. १९३६ चा 'मिस फ्रंटियर मेल' बघा. खुनाच्या आरोपात अडकलेल्या स्टेशनमास्तर बापाला त्याची मुलगी सविता सोडवते. धावत्या रेल्वेच्या टपावर मारामाऱ्या करते. काम कुणाचं, तर ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, भुऱ्या केसांच्या नादियाचं. निर्माते पारशी, नटी गोरी, पात्र हिंदू सविता. गोऱ्या चेहऱ्यानं दुसऱ्याचं पात्र करणं हे ओलंडसारखंच, पण इथं ठरवणारे आपलेच. कट्ट्यावरच्या वादाला उत्तम खाद्य.

"पण त्या काळी तसंच होतं की!"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. त्यात अर्धं सत्य आहे. प्रत्येक चित्रपट आपल्या काळाचाच असतो. पण 'तो काळ' एकाच मताचा नव्हता. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. त्यात गुन्हेगार होता कागदपत्रं सांभाळून असलेला प्रतिष्ठित सावकार, आणि बळी होता शेतकरी. शांतारामबापूंनी १९४१ च्या 'पडोसी'त हिंदू ठाकूर केला मझहर खानकडून आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांकडून, मुद्दाम. की ल्यूकचा नायक १९४० चा आहे, आना मे वाँगचा सवाल १९३३ चा. म्हणजे वेगळं करता येत होतं, ते सुचत होतं, आणि काहींनी ते केलंही. बाकीच्यांनी केलं नाही, तर तो त्यांनी केलेला निर्णय होता.

"मग हे सिनेमे बघायचेच नाहीत?"

२००३ मध्ये अमेरिकेत फॉक्सच्या चित्रपट वाहिनीनं चार्ली चॅनचा महोत्सव जाहीर केला, आशियाई संघटनांनी विरोध केला, वाहिनीनं तो रद्द केला. मग रसिक ओरडले. शेवटी चित्रपट दाखवले गेले, पण सोबत जाणकारांची चर्चा ठेवून. मला हा मार्ग पटतो. कापाकापी मला पटत नाही, कारण साचा कसा चालतो हे कापलेल्या चित्रपटात शिकायलाच मिळत नाही. सुरुवातीची पाटी निरुपद्रवी आहे, पण अपुरी आहे. काहीतरी चूक आहे एवढं सांगते, काय आणि का ते सांगत नाही. फिल्म सोसायटीत चित्रपटानंतर अर्धा तास भांडण झालं, तर ते शंभर पाट्यांपेक्षा बरं.

"म्हणजे आता अल्पसंख्याक खुनी दाखवायचाच नाही का?"

दाखवा की. चांगल्या नटाला खलनायक हवाच असतो. तो अमक्या जमातीचा आहे एवढंच त्याच्या गुन्ह्याचं कारण असेल, तर तिथं लेखक आळशी आहे. उलटा साचाही तितकाच कंटाळवाणा. हल्लीच्या काही मालिकांत श्रीमंत, सभ्य, पांढरपेशा माणूस दिसला की तोच खुनी हे पहिल्या भागातच कळतं. ती हूल आता कुणाला फसवत नाही.

"आणि हा कोटा कशाला?"

कोटा म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवल्या, तेव्हाही पडल्या होत्या. पण अकादमीची अट मुळातून वाचली तर ती बरीच सैल आहे. चार गट आहेत, त्यांतल्या कुठल्याही दोनांची पूर्तता केली की झालं: पडद्यावरचे कलाकार किंवा कथाविषय, कॅमेऱ्यामागचे प्रमुख तंत्रज्ञ, नवख्यांना प्रशिक्षण आणि उमेदवारीची संधी, आणि वितरण-प्रसिद्धी सांभाळणारी माणसं. एकही काळा किंवा आशियाई चेहरा न दाखवता चित्रपट या अटींत बसू शकतो. पडद्यावर वैविध्य लादल्याची ओरड म्हणूनच जरा अस्थानी आहे. लेखन, संकलन, पात्रनिवड करणारी माणसं अकादमीनं मोजायला घेतली त्याला कारण आहे. अंगठी हरवल्यावर आधी कुणाला विचारायचं, हे पटकथेच्या कागदावरच ठरून गेलेलं असतं, नट सेटवर पोचायच्या कितीतरी आधी.